परसातली अस्सल कोंबडी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

कोंबडी पाळण्यात शिकण्यासारखे काय असते, असे मलाही वाटत असे. संध्याकाळी डालग्याखाली झाकायच्या, सकाळी डालगे उचलायचे, मूठभर ज्वारी टाकायची. मग दिवसभर त्या त्यांच्या आणि आपण आपले. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात माझे बालपण गेले, तिथेच प्राथमिक शाळेत नोकरी झाली आणि २०१६ साली मी निवृत्त झाले. घरामागे पाच-सहा गुंठ्यांचे परस आहे. हाताला काम हवे म्हणून कोंबड्या पाळायचे ठरवले. मात्र साध्या नकोत, अस्सल जातीच्या हव्यात, असा माझा हट्ट होता. त्या 'अस्सल' शब्दाने मला पुढे जे शिकवले, तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

आधी हा शब्दच पाहू. आंध्र, ओडिशा, छत्तीसगड या भागांत उंच मानेची, लांब पायांची, मोठी रुबाबदार कोंबडी असते. तिचे नाव 'असील'. झुंजीसाठी ती पूर्वापार प्रसिद्ध आहे. कोंबड्यांच्या झुंजी लावणे हा आता कायद्याने गुन्हा आहे, ती गोष्ट वेगळी. हे 'असील' आणि आपले मराठी 'अस्सल' ही दोन्ही रूपे एकाच अरबी धातूपासून आली आहेत. अर्थ मूळचा, खऱ्या वंशाचा. म्हणजे जातिवंतपणाची कल्पना आपल्याकडे कोंबडीच्या नावातच जाऊन बसली आहे.

पण जातिवंत म्हणजे नेमके काय? देखणी किंवा महागडी कोंबडी असा त्याचा अर्थ नाही. ज्या जातीच्या नर-मादीपासून होणारी पिल्ले पिढ्यानपिढ्या आईबापांसारखीच निपजतात, ती शुद्ध जात. खेड्यांत वनराजा आणि गिरिराजा हे पक्षी वाटले जातात. पहिला हैदराबादच्या संशोधन संस्थेने तयार केला, दुसरा बंगळूरच्या पशुवैद्यकांनी. दोन्ही उपयुक्त आहेत, पण ते संकरित आहेत. त्यांची अंडी घरी उबवली तर पुढच्या पिढीत तेच गुण तसेच्या तसे उतरत नाहीत. शुद्ध जातीचा खरा फायदा हाच, की एकदा आणली की बियाणे आपल्या घरात राहते. मात्र ते राखावे लागते.

कडकनाथची ओढ

मी निवड केली कडकनाथची. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धार या जिल्ह्यांतली ही कोंबडी भिल्ल आणि भिलाला समाजाने सांभाळली. तिकडे तिला 'कालीमासी' म्हणतात. पिसे काळी, कातडी काळी, पाय, नखे, जीभ काळसर, तुरा जांभळट. मांस काळे आणि हाडावरचा पापुद्राही काळा. रक्त मात्र तांबडेच असते आणि अंडे फिकट बदामी. काळ्या अंड्यांच्या बातम्या आणि चित्रे कोणी दाखवली तर खुशाल समजा, की दाखवणाऱ्याच्या घरी कडकनाथ नाही.

हा काळेपणा कुठून आला, याचा शोध शास्त्रज्ञांनी लावला आहे. कोंबडीच्या विसाव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा दुप्पट झाला आणि काळे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी शरीरभर पसरल्या. चीनची मऊ केसाळ 'सिल्की' आणि इंडोनेशियाची 'आयाम चेमानी' या काळ्या जातींतही तोच बदल सापडतो. म्हणजे आपली कडकनाथ आणि चीनची सिल्की या फार जुन्या नातेवाईक ठरतात.

याच विषयातली दुसरी एक गंमत आपल्या सह्याद्रीशी संबंधित आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. पण कित्येक कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी असते, ती लाल रानकोंबड्याकडून आलेली नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले, की पिवळ्या कातडीचा गुण करड्या रानकोंबड्याकडून आला. हा करडा रानकोंबडा सह्याद्रीच्या जंगलांत पहाटे ओरडताना आजही ऐकू येतो. म्हणजे जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत आपल्याकडच्या जंगलाचा थोडा अंश आहे. मूळ वंशातच अशी सरमिसळ आहे, हे 'शुद्ध, शुद्ध' म्हणताना आपण लक्षात ठेवलेले बरे.

२०१७ च्या दिवाळीनंतर मी एका विक्रेत्याकडून वीस पिल्ले घेतली. भाव गावठी पिल्लाच्या कितीतरी पट होता. पिल्ले काळी कुळकुळीत होती. तीन महिन्यांत त्यांतल्या सात जणांचे पाय फिके पडले, तुरे लालभडक झाले आणि एकीच्या अंगावर तर तांबड्या पिसांची नक्षी उमटली. विक्रेता म्हणाला, "बाई, तुमच्याकडचे पाणीच तसे आहे!"

पाण्याचा काही संबंध नव्हता. कडकनाथचा काळेपणा देणारा गुण प्रबळ आहे. कडकनाथ आणि गावठी यांच्या संकरातून झालेल्या पिल्लातही तो दिसू शकतो. त्याला दाबणारा दुसरा एक गुण आहे. तो गावठीकडून आला की काही पिल्ले फिकी होतात, काही होत नाहीत. म्हणून एकटा पक्षी पाहून त्याची शुद्धता ठरवता येत नाही. त्याचे आईबाप पाहावेत, भावंडे पाहावीत आणि शक्य तर त्याची पिल्ले पाहावीत. पुढे २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या नावाने पैसे गुंतवायला लावणारी योजना कोसळली आणि हजारो शेतकरी फसले. माझे वीस पिल्लांचे पैसे गेले, लोकांच्या जमिनी गहाण पडल्या. कोंबडी खरी होती की खोटी, हा तिथे दुय्यम प्रश्न होता. पण 'काळी म्हणजे सोने' हा भ्रम दोन्हीकडे सारखाच होता. कडकनाथचे मांस चवीचे आहे, त्यात चरबी कमी असते. पण ते औषध नव्हे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करून कोणी कडकनाथ खाऊ नये.

२०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मी स्वतः झाबुआला गेले आणि तिथून पंधरा पिल्ले आणली. जाताना एक गोष्ट समजून घेतली. मी घरी वाढवलेली कोंबडी जातीने कडकनाथ असेल, पण तिचे मांस 'झाबुआ कडकनाथ' या नावाने मला विकता येणार नाही. नावावर त्या मुलखाचा हक्क आहे आणि तो असायलाच हवा.

घर, दाणा आणि पाणी

आता थोडे व्यवहाराचे. पक्ष्यामागे खुराड्यात दीड ते दोन चौरस फूट जागा हवी आणि बाहेर फिरायला मोकळे आवार. खुराडे जमिनीपासून उंच, तोंड शक्यतो दक्षिणेला किंवा पूर्वेला, छताखाली वारा खेळेल अशी जाळी. खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा तीन-चार बोटे जाड पसरावा आणि अधूनमधून हलवत राहावा. ओले तूस म्हणजे रोगाचे घर. कोंबडी रात्री दांडीवर बसते; ती दांडी गुळगुळीत नको, पायाला पकड येईल अशी हवी. जाळीची भोके बारीक ठेवा. मुंगूस आणि उंदीर किती लहान फटीतून आत येतात, हे पहिले पिल्लू गेल्याशिवाय आपल्याला पटत नाही. एका कोपऱ्यात राख आणि कोरडी माती ठेवली की कोंबड्या त्यात लोळतात. उवा आणि पिसवा घालवण्याची त्यांची ती आंघोळ आहे.

मोठ्या पक्ष्याला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागते. मोकळी फिरणारी कोंबडी किडे, गवत, सांडलेला दाणा यांवर त्यातले बरेच मिळवते. ज्वारी, बाजरी, मका, शेंगदाण्याची पेंड आणि अंड्यावरच्या कोंबडीला शिंपल्यांचा चुरा, इतके घरी जमते. पण दाण्याला बुरशी लागली असेल तर तो फेकून द्या. 'आपण खात नाही, कोंबड्यांना घालू' हा हिशेब अंगाशी येतो. बुरशीचे विष, विशेषतः मका आणि पेंडीतले, कोंबडीचे यकृत नासवते. धुळ्याच्या उन्हाळ्यात दाण्यापेक्षा पाण्याची काळजी जास्त. मातीच्या पसरट भांड्यात सावलीत पाणी ठेवायचे, दिवसातून तीनदा बदलायचे आणि दुपारी जाळीला ओली पोती बांधायची.

पिल्लांची पहिली तीन आठवडे सर्वांत नाजूक. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करायची. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडेच पाहा. दिव्याखाली गोळा होऊन ओरडत असतील तर थंडी वाजते आहे; दिव्यापासून लांब, चोच उघडी टाकून पडली असतील तर उकडते आहे; सगळीकडे सारखी पसरून टिपत असतील तर सगळे ठीक.

शेजारची पांढरी कोंबडी

माझी पंधरातली चौदा पिल्ले जगली. नऊ माद्या, पाच कोंबडे. सहा-सात महिन्यांत अंडी सुरू झाली. आणि मग अडचण कळली. कडकनाथची कोंबडी सहसा नीट खुडूक बसत नाही. अंडी घालते आणि उठून चालू लागते. उबवण्याच्या यंत्राला आमच्याकडची वीज साथ देईना. शेजारी कोकणी समाजाच्या एक मावशी राहतात. त्यांनी एका संध्याकाळी पदराखालून एक कोंबडी काढून माझ्या हातात दिली. पांढरी, मानेवर आणि शेपटीकडे काळी पिसे, पंखांवर तांबूस झाक, आकाराने एवढीशी. किलोभराची असेल नसेल.

"हिला बसवा बाई. दगड ठेवला तरी उबवील."

खरेच, ती बसली. अंडी बसवताना काही पथ्ये पाळावी लागतात. आठवड्यापेक्षा जुनी अंडी घेऊ नयेत. ती धुऊ नयेत, थंड जागी निमुळते टोक खाली करून ठेवावीत. कोंबडी लहान असेल तर नऊ-दहाच अंडी द्यावीत. पंखाखाली मावत नाहीत ती वायाच जातात. सातव्या रात्री अंडे टॉर्चसमोर धरले, की जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसतात. रिकामे अंडे स्वच्छ उजळते. ते काढून घ्यायचे. अठराव्या दिवसानंतर मात्र हात लावायचा नाही. एकविसाव्या दिवशी कवच तडकते.

त्या पांढऱ्या कोंबडीने नऊपैकी आठ काळी पिल्ले काढली. घारीची सावली दिसली की ती एक विशिष्ट आवाज करी आणि आठही पिल्ले झुडपात अदृश्य होत. माझ्या जातिवंत काळ्या पिल्लांना जगायचे कसे, हे त्या गावठी कोंबडीने शिकवले. मी मनोभावे तिला दाणा घातला, पण तिच्याकडे नीट पाहिले नाही.

दुसऱ्या खेपेला चूक झाली. मावशींकडचा तांबडा कोंबडा कुंपणावरून येऊन माझ्या माद्यांत दोन दिवस राहिला. मी त्याला हाकलले आणि तिसऱ्या दिवसापासून अंडी जमवून बसवली. दहा पिल्ले निघाली, त्यांतली चार फिक्या पायांची. कोंबडा तर गेला होता, मग हे कसे? उत्तर असे, की कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचे बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहते. एकदा संग झाला, की पुढची अनेक अंडी त्याची असू शकतात. म्हणून परका कोंबडा येऊन गेला, की तीन ते चार आठवड्यांची अंडी खायला वापरायची, उबवायला नाही. त्यानंतर आपल्या कोंबड्याची अंडी धरायची.

त्या दिवसापासून मी शाळेच्या हजेरीसारखी वही घातली. प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत कडी, वहीत तिची नोंद: जन्म कधी, आई कोण, बाप कोण. आठ-दहा माद्यांना एक कोंबडा पुरतो, पण वर्षानुवर्षे तोच कोंबडा ठेवला तर बाप आणि लेकी, भाऊ आणि बहिणी यांचीच जोडी जमत जाते. मग अंडी कमी उबवतात, पिल्ले अशक्त निघतात, बोटे वाकडी येतात. म्हणून दरवर्षी दुसऱ्या शुद्ध कळपातला कोंबडा अदलाबदल करून आणायचा. शुद्ध राखणे म्हणजे कोंडून ठेवणे नव्हे. जातीच्या आत बाहेरचे रक्त आणत राहणे हाही त्याचाच भाग आहे.

मानमोडी

असा बाहेरचा कोंबडा आणतानाच मी सर्वांत मोठा फटका खाल्ला. जानेवारी २०२० ची गोष्ट. कोंबडा देखणा होता; मी त्याला आणल्या दिवशीच कळपात सोडले. पाचव्या दिवशी तो मलूल झाला. हिरवी पातळ विष्ठा, घशात घरघर. मग एकेक कोंबडी मान पिळून गोल फिरू लागली. ही राणीखेत, आमच्याकडे जिला मानमोडी म्हणतात ती. उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून हे नाव पडले आणि त्याच रोगाला इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराचेही नाव आहे. तिच्यावर औषध नाही. एकतीस पक्ष्यांपैकी वीस आठवड्याभरात गेले. चुना टाकून खड्ड्यात पुरताना वहीतले एकेक नाव खोडले. काही कड्या अजून डब्यात आहेत.

औषध नाही, पण लस आहे. मी पिल्लांना पहिली लस दिली होती, पुढच्या द्यायचे राहून गेले होते. साधारण क्रम असा: पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतची पहिली लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरोची. चौथ्या आठवड्यात पुन्हा राणीखेत. सहा-आठ आठवड्यांत देवीची. आणि आठ ते दहा आठवड्यांत राणीखेतचे इंजेक्शन. आपल्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून यात फेरफार करावेत. लस बर्फात आणायची, कालवल्यावर तासा-दोन तासांत संपवायची, उन्हात धरायची नाही.

घरगुती पाळणाऱ्याची अडचण अशी, की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते आणि आपल्याकडे असतात वीस. म्हणून लोक लस टाळतात. आम्ही त्यावर उपाय काढला. आता गल्लीतली दहा-बारा घरे एक दिवस ठरवतात, वर्गणी काढून एक कुपी आणतात आणि पहाटे, कोंबड्या सोडण्याआधी, सगळ्यांच्या पक्ष्यांना लस देतात. जातिवंत आणि गावठी असा भेद तिथे करून चालत नाही. शेजारची कोंबडी आजारी, तर माझी सुरक्षित नाही. आणि नवा पक्षी आणला, की तो किमान तीन-चार आठवडे वेगळ्या खुराड्यात ठेवायचा. त्याला दाणा घालायचा तो सगळ्यांत शेवटी, मग हातपाय धुवायचे.

बर्ड फ्लूबद्दलही सांगायला हवे. भारतात तो पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये सापडला, आमच्या शेजारच्या नवापूर तालुक्यात. त्या वेळी लाखो पक्षी मारावे लागले. त्यांत पोल्ट्रीतले होते, तसेच गावांतल्या परसातलेही होते. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात तो पुन्हा आढळला. एकाएकी बरेच पक्षी मेले तर ते फेकू नका, कापू नका, हाताळू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. लपवल्याने रोग लपत नाही. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही.

दाराशी असलेली जात

मानमोडीनंतर उरले अकरा. त्यांतून कळप पुन्हा उभा राहिला. आता मला या विषयातले बरेच कळते, असे वाटू लागले होते. जास्तीचे कोंबडे मी वाड्या-पाड्यांवर फुकट वाटू लागले. कशाला? तर तिथल्या बारक्या गावठी कोंबड्या 'सुधाराव्यात' म्हणून. लोक खूश होते. मीही खूश होते.

२०२१ च्या पावसाळ्यात पशुवैद्यकीय डॉक्टर लस द्यायला आले. माझे काळे पक्षी त्यांनी पाहिले, बरे म्हणाले. मग त्यांचे लक्ष खुडूक बसलेल्या पांढऱ्या कोंबडीकडे गेले. ते उकिडवे बसून तिला बराच वेळ न्याहाळत राहिले.

"ही कुठली, बाई?"

"शेजारची. गावठीच आहे."

"गावठी म्हणू नका. ही बुसरा दिसते."

मी नाव प्रथमच ऐकत होते. बुसरा ही नोंद झालेली देशी जात आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशातल्या विसाच्या आसपास कोंबड्यांच्या जाती नोंदवल्या आहेत. त्यांत असील आहे, कडकनाथ आहे, निकोबारी आहे आणि बुसराही आहे. तिचा मूळ मुलूख कोणता? नंदुरबारमधला नवापूर, लगतचा गुजरातचा पट्टा आणि आमचा साक्री तालुका. मी ज्या तालुक्यात जन्मले, वाढले, मुलांना भूगोल शिकवला, तोच. शुद्ध जातीच्या शोधात मी झाबुआपर्यंत जाऊन आले आणि दाराशी असलेल्या जातीला मी दाई म्हणून वापरत होते.

बुसरा वर्षाला जेमतेम पन्नास अंडी देते, तीही लहान. पोल्ट्रीतली कोंबडी तीनशेच्या वर देते. आकड्यांत बघाल तर बुसरा नापास. पण ती विकतचे खाद्य मागत नाही. स्वतः टिपते, स्वतः उबवते, स्वतः पिल्ले वाढवते, घारीपासून वाचवते. पाड्यावरच्या बाईला अडीनडीला शे-दोनशे रुपये त्या कोंबडीतून मिळतात आणि ते तिच्याच हातात राहतात. या गुणांची नोंद आपण उत्पन्नाच्या रकान्यात करत नाही, एवढेच.

डॉक्टर गेल्यावर मी मावशींना घेऊन पाड्यांवर फिरले. जिथे जिथे मी काळे कोंबडे दिले होते, तिथे तिथे काळ्या पायांची, काळपट पिल्ले हिंडत होती. कोणाला त्यात वावगे वाटत नव्हते. उलट बायका कौतुकाने दाखवत होत्या. मी माझ्या कुंपणावर परका कोंबडा येऊ नये म्हणून रात्री उठून पाहत होते आणि त्याच काळात दुसऱ्यांच्या अंगणात माझा कोंबडा सोडत होते. माझ्या वहीत माझ्या कळपाचा वंश चार पिढ्यांपर्यंत लिहिलेला होता. त्यांच्या कोंबड्यांचा वंश वहीत नव्हता, मावशींच्या आणि त्यांच्यासारख्या बायकांच्या लक्षात होता. लिहिलेला नाही म्हणून तो नाहीच, असे मी धरून चालले होते.

झालेले परत फिरवता आले नाही. पण सहा वाड्या हिंडून, जिथे काळा कोंबडा पोचला नव्हता अशा घरांतून आम्ही दोन कोंबडे आणि सात माद्या जमवल्या. आधी महिनाभर वेगळ्या ठेवल्या, लसी दिल्या. त्या माझ्या परसात नाहीत, मावशींच्या आहेत. माझ्या कळपापासून लांब, नाल्यापलीकडे. त्या शंभर टक्के शुद्ध आहेत असा दावा मी करणार नाही. एकट्या रंगावरून जात ठरवू नये, हे मी वीस पिल्लांच्या पैशांत शिकले आहे. त्यांची पिल्ले त्यांच्यासारखीच निपजतात का, हे आम्ही पाहत आलो आहोत. पहिल्या तीन पिढ्या बहुतांशी तशाच निघाल्या. जी वेगळी दिसतात ती बाजूला काढायची, इतर घरांतून तशाच ठेवणीचा कोंबडा दरवर्षी बदलून आणायचा, असे चालू आहे. कडकनाथचे जास्तीचे कोंबडे आता मी विकते किंवा आम्ही खातो, वाटत नाही.

तुमच्यापैकी कोणाला घरी कोंबड्या पाळायच्या असतील तर जरूर पाळा. शहरात असाल तर आधी महापालिकेचे आणि सोसायटीचे नियम विचारून घ्या, कारण पहाटे चारला आरवणारा कोंबडा सगळ्यांनाच आवडतो असे नाही. चार-पाच पक्ष्यांपासून सुरुवात करा. लस चुकवू नका, नवा पक्षी वेगळा ठेवा, वही ठेवा. कडकनाथ पाळा, असील पाळा. पण पिल्ले आणायला दूर जाण्याआधी आपल्या गावातल्या एखाद्या जुन्याजाणत्या बाईच्या अंगणात तासभर बसा. तिच्याकडच्या कोंबड्यांचे रंग, तुरे, पाय, अंड्यांचा आकार पाहा आणि ती त्यांना काय म्हणते ते ऐका.

माझ्या वहीत आता दोन भाग आहेत. पुढून कडकनाथ, मागून बुसरा. मागच्या भागात अक्षर माझे असते, पण सांगतात मावशी. परवा त्यांनी मला मधेच थांबवून विचारले, "बाई, त्या पहिल्या पांढरीचं नाव लिहिलंत का?" लिहिले नव्हते. ती २०२२ च्या उन्हाळ्यात गेली. मी पान उलटले आणि सगळ्यांत वर तिची नोंद केली.